वाचकांचे प्रश्न : वादळानंतरची वाडी, विहीर आणि छप्पर

घाटाखाली आपले कुणीच नाही, असे घर बेळगावात शोधावे लागेल. कुणाचे माहेर कारवारकडे, कुणाचा मामा श्रीवर्धनला, कुणाची काजूची बाग दोडामार्गात. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग आणि मे २०२१ मध्ये कारवार, गोवा, सिंधुदुर्गाला घासून गुजरातकडे गेलेले तौक्ते, या दोन वादळांची पत्रे म्हणूनच अजून येतात. त्यांतली सहा या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : दिवेआगरला मामांची आठ गुंठ्यांची पोफळीची (सुपारीची) वाडी आहे. २०२० मध्ये निम्मी झाडे पडली. पुढच्या वर्षी नवी रोपे लावली, पण त्यांना म्हणावे तसे पीक नाही. शिवाय वादळात वाचलेली झाडेही दर वर्षी दोन-चार मोडतात. काय चुकते आहे? — एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : पीक उशिरा येणे यात मामांचे काही चुकलेले नाही. पोफळ पाचव्या ते सातव्या वर्षी धरते आणि भरात यायला दहा-बारा वर्षे घेते. मधल्या काळात वाडीचे उत्पन्न म्हणजे केळी आणि थोडी मिरी, तीसुद्धा वेल चढवायला झाड उरले असेल तर.

वाचलेली झाडे मात्र वाचवता येतात. पोफळ सावलीत, शेजारच्या झाडाच्या आधाराने वाढणारे झाड आहे. शेजार गेला की नोव्हेंबरपासून दुपारनंतरचे नैऋत्येचे ऊन थेट खोडावर पडते. मामांना खोडाची नैऋत्येकडची बाजू बघायला सांगा. आधी सोनेरी पिवळा पट्टा दिसतो, मग तो तपकिरी होतो आणि तिथे उभी चीर पडते. चिरेतून पाणी आत जाते, खोड आतून कुजते आणि दोन-तीन पावसाळ्यांनी साध्या वाऱ्यातही झाड त्याच जागी मोडते. लोक म्हणतात वाऱ्याने मोडले, पण ते मोडायला लागले चीर पडली तेव्हाच. उपाय स्वस्त आहे. पाऊस संपला की नैऋत्येच्या बाजूने खोडाला पोफळीच्याच विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद आवरणे) किंवा सुक्या झावळ्या बांधाव्यात, हात पोचेल तिथपर्यंत चुन्याची निवळी लावावी, आणि वाडीच्या दक्षिण व पश्चिम कडेला केळीची दाट ओळ धरावी.

नव्या रोपांत अंतर २.७ मीटर हवे. पडलेल्या झाडांची जागा भरायची म्हणून मध्येच कुठेही रोप खुपसले की ते उजेडासाठी उंच आणि बारीक होते, आणि पुढच्या वादळात पहिले तेच जाते. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल असावा. रोप खड्ड्यात खाली बसवून निम्माच खड्डा भरावा, उरलेली माती पुढच्या दोन-तीन वर्षांत बुंध्याशी ओढावी. पोफळ बुंध्यावरून नवी मुळे सोडते, त्यांना माती मिळाली तरच झाड घट्ट उभे राहते. खताची कासरगोडच्या संशोधन संस्थेची शिफारस मोठ्या झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश अशी आहे. म्हणजे साधारण २२० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि २३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. सोबत शेणखत आणि पालापाचोळा. पहिल्या वर्षी याच्या एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश द्यावे.

वाडीत माड असतील तर पडलेले ओंडके आणि बुंधे कोपऱ्यात रचून ठेवू नयेत. कुजक्या माडात गेंड्या भुंग्याची पैदास होते. तो उरलेल्या माडांचा कोवळा कोंब पोखरतो, आणि त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. गेंड्याने खाल्लेल्या माडाची झावळी उलगडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसते. ओंडके चिरून वापरावेत किंवा जाळावेत, आणि कोंबाजवळच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समभाग मिसळून भरावी.

प्रश्न : बुरशीवर फवारायचे बोर्डो मिश्रण घरी केले तर झावळ्या करपल्या. प्रमाण कोणते? — एक वाचक, जांबोटी

उत्तर : एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत ५०-५० लिटर पाण्यात विरघळवून एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतावे. लोखंडी भांडे नको. करपण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चुना जुना, हवेने मेलेला असतो, मग मोरचूद मोकळे राहते. फवारणीआधी घासलेले लोखंडी पाते मिश्रणात मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी वाढवावी आणि पुन्हा पाहावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

प्रश्न : माझे माहेर कारवारजवळ माजाळीला. वादळात समुद्राचे पाणी अंगणात आले तेव्हापासून विहीर मचूळ आहे. भावाने दोनदा मोटर लावून पूर्ण उपसली, तर पाणी आणखी खारट झाले. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून उपयोग होईल का? — एक वाचक, वडगाव

उत्तर : ताई, भावाला उपसा थांबवायला सांगा. किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर जितके फूट गोडे पाणी, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोड्या पाण्याचा साठा, असा ढोबळ हिशेब आहे. विहीर जोरात उपसली की वरचा थर जातो आणि खालचे खारे पाणी वर चढते. भावाच्या विहिरीत हेच झाले असणार. गाळ आणि कचरा काढावा, पण पाणी दोर-कळशीने वरवरचे, थोडे थोडे घ्यावे. मोटर लावावीच लागली तर फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह) तळाशी न सोडता पाण्याच्या वरच्या हातभर थरात टांगावा. कौलांवरचे पावसाचे पाणी पन्हळीने गाळून विहिरीत सोडले तर पाणी लवकर गोडावते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी मात्र बाहेर काढावे. एक-दोन पावसाळे थांबावे लागेल.

टीसीएलने खार जात नाही, उकळल्यानेही नाही, उलट उकळून वाढतो. टीसीएल जंतूंसाठी, आणि त्यासाठी ती हवीच. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि ०.७८५ ने गुणा. आले ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. ३ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर सुमारे २१ हजार लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम ही नेहमीची मात्रा, पुराचे किंवा समुद्राचे पाणी शिरले असेल तर पहिल्यांदा दुप्पट, म्हणजे इथे १०५ ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटे ठेवा. तळाशी चुना बसतो, तो विहिरीत टाकू नका. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हलवा. तासाभराने पाणी वापरता येते. ओटी चाचणीत (पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून) पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे असे समजा. ओल लागून ढेकळे झालेली, वास गेलेली टीसीएल कितीही घातली तरी काम करत नाही.

प्रश्न : आम्ही खानापूरचे सुतार. किनाऱ्यावर छपरांची कामे मिळतात. आधीच्यांनी बसवलेले पत्रे उडाले, लाकूड मात्र जागेवर. कुठे कमी पडले? — दोघे भाऊ, नंदगड

उत्तर : वारा छपरावरून जाताना छप्पर वर ओढतो, पातेल्याचे झाकण उचलावे तसे. ओढ सगळ्यात जास्त वळचणीला, आढ्याला आणि पाख्याच्या कडांना असते. मधले पत्रे टिकतात आणि कडेचे जातात ते यामुळे. त्यात वाऱ्याकडचे दार मोडले तर हवा आत शिरून खालूनही रेटते.

उडालेला पत्रा सापडला तर त्याची भोके बघा. भोक लांबट फाटले असेल तर पत्रा पातळ होता किंवा वायसर लहान होता. भोक गोल शाबूत आणि हूक सरळ झालेला असेल तर हूक बारीक होता. या दोन चुकांवर उपाय वेगळे आहेत. पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला नको, हूक ८ मिलिमीटरचे, आणि डांबरी किंवा रबरी वायसरवर रुंद लोखंडी वायसर. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा. कडांना आणि आढ्याला एकाआड एक उंचवट्यावर हूक, मध्ये दोन सोडून चालेल. कडेच्या आडव्या रिपा तीन फुटांऐवजी दोन फुटांवर घ्या. पाऊसवारा नैऋत्येचा असतो, म्हणून पत्रे पूर्वेकडून घालत या, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याकडे येत नाही.

पण नुसता पत्रा घट्ट करून भागत नाही. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला, ही साखळी अखंड हवी. पुष्कळ घरांत तुळई जांभ्यावर नुसती टेकलेली असते, मग अख्खे छप्पर एकसंध उचलले जाते. तुळईतून बोल्ट किंवा पट्टी चिऱ्यांचे तीन थर खाली नेऊन काँक्रीटमध्ये बसवा. वासा-तुळईचा जोड खिळ्यांवर सोडू नका, पट्टी मारा किंवा आठ नंबरची तार दुहेरी आवळा. उतार पाच फुटांना अडीच फूट बरा, त्याहून चपटे छप्पर जास्त ओढले जाते.

वळचण दीड फुटाहून पुढे नको, असे वादळाचे शास्त्र सांगते, आणि पावसात भिंत भिजते म्हणून घरमालक तीन फूट मागतो. दोघांचेही खरे आहे. पडवीचे छप्पर वेगळे करा, मुख्य छपराला अखंड जोडू नका. पडवी गेली तरी घर उघडे पडत नाही. कौलारू छपरात कौलाच्या पाठीवर टोचणीएवढे भोक असलेला कान असतो, तो तार ओवायलाच आहे. कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपेला बांधा, आणि उतारावर दर पाच फुटांना सळी घातलेली सिमेंटची अरुंद पट्टी ओढा.

प्रश्न : उद्यमबागेत आमचे रिवायंडिंगचे (मोटारीतली तारेची वेटोळी नव्याने भरायचे) काम आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या पंपाच्या मोटारी घाटाखालून येतात. वाळवून दिल्या की महिन्याभरात परत येतात. सरळ रिवायंड करणेच बरे का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : प्रत्येक मोटर रिवायंड करायची गरज नाही, क्रम बदलायची आहे. तुम्ही आधी वाळवता, त्यात मीठ वेटोळ्यांतच बसते. दुपारी मोटर कोरडी दिसते, पण मीठ हवेतली ओल खेचते आणि सकाळी वेटोळे पुन्हा दमट. आधी धुवायचे. मोटर उघडा, रोटर (फिरणारा भाग) काढा, बेअरिंगे टाकून द्या. स्टेटर (वेटोळ्यांचा स्थिर भाग) गोड्या पाण्यात तीन-चारदा बुडवून, हलक्या धारेने धुवा. शेवटच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून सुकवा, पांढरा डाग राहिला तर आणखी धुवा.

मग ८० ते ९० अंशांवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. भट्टी नसेल तर पत्र्याची पेटी, आत दिवे, वर वाफ जायला भोके, दिवा वेटोळ्याला टेकलेला नको. ५०० व्होल्टच्या मेगरने (वेटोळ्यांचे इन्सुलेशन मोजायचे यंत्र) दर दोन तासांनी वाचन लिहून ठेवा. गरम होताना वाचन आधी खाली येते, त्याने घाबरून मोटर मोडीत काढू नका. ओल गेली की ते चढू लागते आणि मग स्थिरावते. चार तास स्थिर राहिले आणि गरम असतानाच एका मेगाओमच्या चांगले वर असेल तर वॉर्निश द्या, भाजा. नंतर एक रात्र उघड्यावर ठेवून सकाळी पुन्हा मेगर लावा, आणि तेव्हा वाचन कोसळले तर मीठ आत आहे. तारेवर हिरवट डाग दिसले तर मात्र रिवायंडच. कपॅसिटर, टर्मिनल पट्टी आणि स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉईल नवीच घाला, मोटर नीट होऊनही याच तीन गोष्टींमुळे परत येते.

घाटाखालच्यांना एक निरोप द्या : मोटर लगेच पाठवता येत नसेल तर उन्हात ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. होडीच्या बुडालेल्या इंजिनलाही हेच लागू. हवा लागली की गंज धावतो. आणि बुडालेले इंजिन फिरवून बघू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : श्रीवर्धनच्या सामाईक वाडीच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे. तिथे चुलते राबतात. भरपाईसाठी माझे काही काम असते का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : असते, आणि बहुतेक वेळा तिथेच अडते. निसर्गनंतर महाराष्ट्र सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. गुंठ्याला हिशेब केला तर ते पाचशे रुपये, आणि गुंठ्यात पोफळी चौदा. म्हणून नंतर झाडावर दर आला : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. रक्कम थोडीच, पण तीही सामाईक सातबाऱ्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय एकाच्या खात्यात जमा होणे कठीण. नावे बेळगाव, निपाणी, मुंबईत विखुरलेली असतात आणि वाडीत राहणारा माणूस सह्या गोळा करत फिरतो.

तुम्ही आजच चुलत्यांच्या नावे संमतीपत्र करून, नोटरी करून, ओळखपत्राच्या प्रतीसह पाठवून द्या. मयत नावे असतील तर वारस नोंद आताच लावून घ्या. चुलत्यांना वाडीतली झाडे जातवार मोजून, तारखेसह फोटो काढून ठेवायला सांगा, कारण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत रस्ता मोकळा करण्यासाठी पडलेली झाडे तोडावीच लागतात आणि मग मोजायला बुंधेच उरतात. तेही उपटण्याआधी एकेक मोजून त्यांवर चुन्याने आकडा टाकावा.