पहिली पूल स्टिक घेताना
आधी बघ, पूलचीच घेतोयस ना? स्नूकरच्या स्टिकची टीप, म्हणजे बॉलला लागणारं टोक, साडेनऊ-दहा मिलिमीटरची, पूलची साधारण 13. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि नवखा माणूस दिसेल ती उचलतो.

बजेट कमी आहे ना, मग नक्षीवर पैसे घालू नकोस. स्वस्त स्टिकवर ती बहुतेक स्टिकरच असते! साधी मेपलच्या लाकडाची, दोन तुकड्यांची, 58 इंची, 19 औंसांच्या आसपासची बघ. जोडून एक डोळा मिटून तिच्या लांबीवर नजर धर आणि हळूहळू फिरव. बाक असेल तर कळतोच. टेबलावर लोळवून बघतात सगळे, पण स्टिक मुळातच निमुळती, त्यामुळे सरळ असली तरी डगमगल्यासारखी वाटू शकते. जोड पूर्ण आवळल्यावर फट नको, मुठीने हलकं ठोकल्यावर खडखड नको. टीपखालची पांढरी कडी, म्हणजे फेरूल, तडकली असेल तर जागेवर ठेवून दे.

टीप खराब असली तरी चालेल, ती थोड्या पैशात बदलून मिळते. मध्यम कडक चामड्याची बसवून घे. उरलेल्या पैशात कव्हर घे, आणि उन्हात तापलेल्या गाडीत स्टिक ठेवू नकोस, लाकूड वाकतं.