आधी स्कोप 3 चं पान उघडा

ताई, तुमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला सीटी आणि एमआरआय घ्यायचंय. तीन कंपन्यांनी कोटेशनसोबत सस्टेनेबिलिटी अहवाल जोडलेत आणि तिघी म्हणतात, आमचे कारखाने कार्बन न्यूट्रल. यात खरी चांगली कोण, हे तुम्ही विचारलंय. मी बायोमेडिकल इंजिनिअर, खरेदी समितीवर बरीच वर्षं बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

कारखान्याचा दावा खरा असेलही, पण त्यावर निर्णय घेऊ नका. जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंचा हिशेब मांडायची जगभर वापरली जाणारी पद्धत. त्यानुसार स्कोप 1 म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज आणि स्कोप 3 म्हणजे बाकी सगळं, कच्च्या मालापासून भंगारापर्यंत. स्कोप 3 चे 15 प्रकार आहेत. त्यातला अकरावा, विकलेल्या मालाचा वापर, हा मोठी यंत्रं बनवणाऱ्यांच्या हिशेबात सहसा खूप जड असतो. कारण मशीन पुढची दहा-बारा वर्षं तुमच्या मीटरवर चालणार असतं.

एकदा रात्री अकरा वाजता मी आमच्या एमआरआयच्या पॅनलवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून उभा होतो. शेवटचा पेशंट कधीच गेलेला, कन्सोलही बंद. तरी कोल्ड हेडची, म्हणजे चुंबकातलं हेलियम थंड ठेवणाऱ्या भागाची, चक-चक चालू होती आणि बाहेर चिलर घुमत होता. हेलियम थंड ठेवायचं तर ते बंद करताच येत नाही. समजा, रिकाम्या मशीनला 10 किलोवॅट लागतात, रोज 12 तास. वर्षाचे 43,800 युनिट झाले. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एकही स्कॅन न करता 30 टन! सीटीची गत निराळी नाही. स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या विद्यापीठ रुग्णालयात मोजलं, तेव्हा सीटीच्या विजेतला सुमारे दोन तृतीयांश भाग मशीन नुसतं उभं असताना जात होता.

म्हणून तिघांकडून लेखी मागा: बंद, स्टँडबाय, तयार आणि स्कॅन चालू, या चार अवस्थांत किती किलोवॅट लागतात? सीटी रात्री पूर्ण बंद केलं तर सकाळी तयार व्हायला किती वेळ? आणि तसं रोज बंद करणं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टमध्ये चालतं का? शेवटच्या प्रश्नाला तोंडी 'हो' घेऊ नका.

आता अहवाल. स्कोप 2 चे दोन आकडे असतात, ग्रिडप्रमाणे काढलेला आणि करारांप्रमाणे काढलेला. हरित विजेची प्रमाणपत्रं घेतली की दुसरा शून्यावर येतो, पहिला तसाच राहतो. दोन्ही बघा. एकूण आकडा घटला असेल तर का घटला ते शोधा. फिलिप्सने 2021 मध्ये घरगुती उपकरणांचा व्यवसाय विकला, सीमेन्स हेल्थिनियर्सने त्याच वर्षी व्हेरियन ही कॅन्सरच्या रेडिएशन यंत्रांची कंपनी घेतली. अशा उलाढालींनंतर पायाभूत वर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करतात त्याचा, आकडा नव्याने काढावाच लागतो, नाहीतर तुलना फसवी होते.

एमआरआयचं कमी हेलियमचं मॅग्नेट चांगलंच, क्वेंचची (हेलियम अचानक उकळून उडून जाण्याची) चिंता कमी होते. पण हेलियम हा हरितगृह वायू नाही. विक्री प्रतिनिधी ते कार्बनच्या रकान्यात सांगू लागला तर थांबवा.

सेबीच्या बीआरएसआरवर, म्हणजे कंपन्यांनी पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीबद्दल द्यायच्या अहवालावर, फार विसंबू नका. 2022-23 पासून तो पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा आहे, पण त्यात स्कोप 3 ऐच्छिक ठेवलाय. आणि परदेशी कंपनीची इथली शाखा शेअर बाजारात नसेल तर तो अहवाल नसतोच. ब्रिटनच्या एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मात्र 2045 पर्यंत पुरवठादारांसह नेट झिरो ठरवलंय आणि मोठ्या कंत्राटांसाठी एप्रिल 2023 पासून कार्बन कपातीचा आराखडा मागायला सुरुवात केली. तुमच्या तिघांपैकी कुणी तिथे माल देत असेल, तर तोच आराखडा तुम्हीही मागा. तयारच असतो.

सिरिंज, कॅथेटर घ्याल तेव्हा हाच तराजू चालणार नाही. तिथे भार प्लास्टिक, निर्जंतुकीकरण आणि कचऱ्यावर असतो.

बैठकीआधी तुमच्या जुन्या सीटीवर एक रात्र मोजून बघा. क्लॅम्प मीटर तुमच्या इलेक्ट्रिशियनकडे असेलच. आकडे इथे टाका, आपण मिळून हिशेब करू.