पराग की परागकण?

म्हापशाच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: पराग म्हणजेच फुलातली धूळ, तर ‘परागकण’ हा ‘पिवळा पीतांबर’ातलाच प्रकार झाला ना? पाठात नुसता ‘पराग’ लिहू की ‘केसर’?

पीतांबराची गत इथे नाही. पराग हा वाळूसारखा, समूहाला धरून येणारा शब्द. फूल झटकल्यावर बोटाला लागतो तो पराग. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो परागकण, मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा. ‘केसर’ मात्र नकोच. केसर म्हणजे तंतू. (दुधात घालतो ते केशर तर स्त्रीकेसराचा शेंडा, त्यात पराग नाहीच.)

एकेका कणाला नाव कशाला हवे, ते देवळाच्या तळीवर कळते. कमळ असो की कुमुद (वॉटर लिली), आपल्याकडे गोव्यात बरेच जण दोन्हींना साळकच म्हणतात. संस्कृतात ‘शालूक’ म्हणजे कुमुदाचा कंद. माझ्या मते कंदाचे नाव इथे फुलापर्यंत चढले. या सरमिसळीला हसू नये. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ साली कमळ कुमुदाच्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातले होते. पुढे प्रजाती वेगळी झाली, तरी दोघांचे कुल (त्यावरची पायरी, फॅमिली) पुष्कळ काळ एकच धरत.

परागकण मात्र वेगळेच सांगत होते. कमळाच्या कणावर तीन खाचा असतात, परागनलिका, म्हणजे कणातून बीजांडाकडे जाणारी नळी, बाहेर पडायच्या वाटाच त्या. कुमुदाच्या कणाला खाच एकच, कड्यासारखी फिरलेली. तीन खाचांचा कण ही गुलाब, वाटाणा, सूर्यफूल ज्या मोठ्या शाखेत येतात तिची मूळ खूण. कुमुदाची फांदी त्याच्या कितीतरी आधी फुटलेली. चिखलात मूळ आणि पाण्यावर फूल, एवढ्या सारख्या राहणीने दोघे भाऊ दिसू लागले. पुढे डीएनए तपासले तेव्हा कमळाचा जवळचा नातलग निघाला कोण, तर काश्मिरातला चिनार! १९९८च्या वर्गीकरणात दोघे एकाच गणात (कुलांच्या वरच्या गटात) बसले. तळीत उभे असलेले फूल आणि बर्फात उभे असलेले झाड. कमळ कुमुदाचे भाऊ नाही, एवढे तर खाचांनी आधीच सुचवले होते.

तेव्हा पाठात ‘कमळाच्या परागकणावर तीन खाचा असतात’ असेच लिहा. ‘परागावर तीन खाचा’ म्हटले की धुळीत चर खणल्यासारखे वाटते. आणि ‘साळक’ लिहिलेत, तर कुठले तेही सांगा: पान छत्रीसारखे वर धरणारे कमळ, की पाण्यावर टेकवणारे कुमुद.