वाचकांचे प्रश्न : ज्यू आणि ख्रिस्ती, साम्य कुठे नि फरक कुठे?

मागच्या अंकात कोकणातल्या बेने इस्रायल समाजावर लेख होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकऱ्यांनी ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, तेच हे मराठी ज्यू. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता : ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांचं नेमकं नातं काय? त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

ज्यूंचा धर्मग्रंथ म्हणजे बायबलमधला जुना करारच ना? मग ज्यू म्हणजे नवा करार न मानणारे ख्रिस्ती, असं म्हटलं तर काय चुकलं?
*– वाचक, सांगली*

पहिलं वाक्य बरंचसं बरोबर आहे, दुसरं साफ चूक.

मजकुरापासून सुरुवात करू. ज्यू आपल्या ग्रंथाला तनाख म्हणतात आणि त्यात २४ पुस्तकं मोजतात. प्रोटेस्टंट बायबलच्या जुन्या करारात ३९ आहेत. म्हणजे पंधरा पुस्तकं जास्तीची आली कुठून? कुठूनच नाही. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे ख्रिस्ती लोकांनी दोन-दोन भाग मोजले, एज्रा-नहेम्या वेगळे केले आणि ज्यू ज्यांना मिळून एक पुस्तक धरतात ते बारा छोटे संदेष्टे सुटे मोजले. चार आणि अकरा, पंधरा. मजकूर तोच. कॅथलिक बायबलमध्ये मात्र जुन्या करारात ४६ पुस्तकं आहेत आणि ती सात खरोखरच जास्तीची आहेत. गंमत अशी, की ज्यूंच्या हनुक्का सणामागचा इतिहास ज्या मक्काबी पुस्तकांत आहे ती ज्यूंच्या ग्रंथात नाहीत, कॅथलिक बायबलमध्ये आहेत.

खरा फरक क्रमात आहे. तनाखचा शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो : पारसचा राजा कोरेश बंदिवान ज्यूंना परत जाऊन यरुशलेमेत मंदिर बांधायची मुभा देतो. ख्रिस्ती जुना करार मलाखीने संपतो आणि मलाखीच्या शेवटी वचन आहे की परमेश्वराचा दिवस येण्याआधी मी एलिया संदेष्ट्याला पाठवीन. पान उलटलं की नव्या कराराचं पहिलं पुस्तक मत्तय सुरू, आणि मत्तयात येशू सांगतो की बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो येणारा एलिया. म्हणजे एक ग्रंथ ‘यरुशलेमेला परत चला’ म्हणून थांबतो, दुसरा ‘कुणीतरी येतो आहे’ म्हणून. ज्यूंसाठी एलिया अजून यायचाच आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या जेवणात त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याच्या नावाची खुर्ची मांडतात. पोहे, खोबरं, साखर आणि सुका मेवा घालून बेने इस्रायल घरांत जो मलिदा होतो, तोही याच एलियाहू हनबीच्या नावाने.

आता दुसरं वाक्य. आजचा ज्यू धर्म नुसत्या तनाखवर चालत नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि पशुबली बंद पडले. त्यानंतर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, प्रार्थना, अध्ययन आणि घरातले आचार यांभोवती धर्माची नवी घडी बसवली. इ.स. २००च्या सुमाराला मिश्ना म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह तयार झाला आणि पुढच्या तीनेक शतकांत त्याच्यावरची चर्चा म्हणजे तालमूद. ख्रिस्ती लोकांनी त्याच पोकळीला वेगळं उत्तर दिलं : येशूचं बलिदान एकदाच, सर्वांसाठी, आता दुसरा बली नको. तेव्हा आई आणि मुलगी म्हणण्यापेक्षा एका पडलेल्या घरातून निघालेल्या दोन बहिणी म्हणणं वस्तुस्थितीला जास्त धरून आहे. ते मंदिर पडल्याचा उपास ज्यू अजून पाळतात. बेने इस्रायल लोक त्याला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणतात, कारण उपास बिरड्याने सोडायचा. ख्रिस्ती वर्षात या दिवसाला जागा नाही.

माझी मुलगी कॅथलिक शाळेत आहे. तिथे ‘व्यभिचार करू नको’ ही सहावी आज्ञा शिकवतात. माझ्या प्रोटेस्टंट मैत्रिणीकडे ती सातवी आहे. बरोबर कोण?
*– वाचक, नाशिक*

दोघीही. मूळ मजकुरात आज्ञांना आकडे नाहीत. ज्यू ‘मीच तुझा देव, ज्याने तुला मिसरातून बाहेर आणलं’ हे वाक्यच पहिलं धरतात, आणि अन्य देव व मूर्ती मिळून दुसरं. बहुतेक प्रोटेस्टंट अन्य देवांची मनाई पहिली, मूर्तींची दुसरी मोजतात. कॅथलिक आणि ल्यूथरन या दोन्ही मनाया पहिलीतच घेतात, त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा एकाने मागे सरकतो. मग दहा भरायला शेवटची लोभाची आज्ञा ते फोडतात : कॅथलिकांकडे शेजाऱ्याची बायको नववी, त्याची मालमत्ता दहावी. ‘खून करू नको’ ज्यू आणि बहुतेक प्रोटेस्टंटांकडे सहावी, कॅथलिकांकडे पाचवी. म्हणून आकडा सांगू नये, आज्ञा सांगावी.

एक भर. ज्यूंच्या दृष्टीने आज्ञा दहा नाहीत, ६१३ आहेत : २४८ ‘कर’ म्हणणाऱ्या, ३६५ ‘करू नको’ म्हणणाऱ्या. मंदिर नसल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच आज पाळताच येत नाहीत.

येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं म्हणतात. मग २०२४ मध्ये ईस्टर मार्चमध्ये आणि वल्हांडण एप्रिलच्या शेवटी कसा?
*– वाचक, पुणे*

दोन पंचांगांचा हा घोळ आहे. वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो. ज्यू महिने चांद्र आहेत, पण सण वसंतातच यायला हवा, म्हणून १९ वर्षांत ७ वेळा जास्तीचा महिना घालतात, आपल्याकडे अधिक महिना येतो तसा. चर्चने ईस्टरसाठी स्वतःचं गणित ठरवलं : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. २०२४ मध्ये २५ मार्चची पौर्णिमा चर्चला चालली आणि ईस्टर ३१ मार्चला आला. ज्यूंच्या ५७८४ या वर्षात मात्र अदार महिना दोनदा होता, म्हणून निसान पुढे ढकलला गेला आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी लागला. जादा महिना नसेल त्या वर्षी दोन्ही सण सहसा जवळजवळ येतात : २०२६ मध्ये वल्हांडण १ एप्रिलच्या संध्याकाळी, ईस्टर ५ एप्रिलला.

भोजनाबद्दल शुभवर्तमानांतच, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या नव्या करारातल्या चार पुस्तकांतच, एकमत नाही. मत्तय, मार्क, लूक यांच्या मते ते वल्हांडणाचंच जेवण होतं. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानाच्या हिशेबाने येशूला क्रूसावर दिलं तेव्हा वल्हांडणाचं जेवण अजून व्हायचं होतं. काही चर्चमध्ये हल्ली गुड फ्रायडेच्या आधी ‘येशूने केला तसा सेदर’, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाचा विधी, करतात. हेतू चांगला असेल, पण चार पेले, ठरलेले प्रश्न आणि गाणी असलेला आजचा सेदर मंदिर पडल्यानंतर घडत गेला. येशूच्या काळात मंदिरात कोकरू कापलं जाई. आज सेदरच्या ताटात त्याच्या आठवणीला फक्त भाजलेलं हाड असतं.

बेखमीर भाकर दोन्हीकडे आहे, पण नियम वेगळे. ज्यू मत्झा करताना पिठाला पाणी लागल्यापासून ती भट्टीतून निघेपर्यंत १८ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर पीठ आंबलं असं धरतात आणि तो घाणा बाद. म्हणून मळणं, लाटणं, टोचे मारणं हात न थांबवता चालतं. टोचे मारायचे ते भाकर फुगू नये म्हणून. हा नियम गहू, जव, राय, ओट्स आणि स्पेल्ट या पाच धान्यांना लागू. पूर्व युरोपातून आलेले ज्यू त्या आठवड्यात भातही टाळतात, भारतातले बहुतेक ज्यू खातात. कॅथलिक मिस्सेतली (चर्चमधल्या उपासनेतली) भाकर गव्हाचं पीठ आणि पाणी एवढ्याचीच, बिनखमिराची. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स मात्र खमीर घातलेली भाकर वापरतात.

ग्रंथ एक, तर डुक्कर एकाला चालतं आणि दुसऱ्याला का नाही?
*– वाचक, मडगाव*

गोव्याहून हा प्रश्न यावा हे बरोबरच. डुकराचं मांस, काळीज आणि जुन्या पद्धतीत रक्तही घातलेलं सोरपोतेल कर्मठ ज्यूला दोन कारणांनी वर्ज्य : डुक्कर आणि रक्त.

नियम असे. चतुष्पाद प्राणी दुभंगलेल्या खुराचा हवा आणि रवंथ करणारा हवा. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करत नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत : बांगडा, रावस, रोहू चालतात. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी, शिंगाळा नाही. रक्त तर प्राण्याचं, पक्ष्याचं कुठलंच नाही, म्हणून कोशेर (धर्माला चालणारं) मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, सर्व बाजूंनी मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर निथळत ठेवतात आणि मग तीनदा धुतात. मीठ मध्यम जाड लागतं. बारीक मीठ नुसतं विरघळतं आणि रक्त ओढत नाही, फार जाड असेल तर घरंगळून पडतं. प्राणी कापल्यावर ७२ तासांत मांस भिजलंच नाही, तर रक्त आत थिजलं असं मानतात आणि ते मांस फक्त विस्तवावर भाजून खातात. काळीज तर नेहमीच भाजायचं, कारण त्यातलं रक्त मिठाने निघत नाही.

करडू आईच्या दुधात शिजवू नको, या आज्ञेवरून मांस आणि दूध पूर्ण वेगळं. भांडीसुद्धा वेगळी. मांसानंतर दूध घ्यायला कुणी सहा तास थांबतं, कुणी तीन. म्हणून बेने इस्रायल घरातल्या मटणाच्या रश्शात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं.

ख्रिस्ती बाजूला हे नियम सुटले ते पहिल्या शतकातच. इ.स. ५०च्या आसपास यरुशलेमेत प्रेषितांची, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांची, बैठक झाली. गैरज्यू माणसाला ख्रिस्ती व्हायचं तर आधी सुंता करून मोशेचे सगळे नियम पाळायला लावायचे का, हा वाद होता. निर्णय ‘नको’ असा झाला, पण चार बंधनं राहिली आणि त्यांत रक्त न खाणं हेही होतं! पाश्चात्त्य चर्चमध्ये ते पुढे मागे पडलं. अपवादही आहेत : इथिओपियातलं जुनं ऑर्थोडॉक्स चर्च आणि सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट आजही डुक्कर खात नाहीत.

येशू स्वतः ज्यू होता. मग ज्यू त्याला का मानत नाहीत?
*– वाचक, वसई*

तो ज्यू होता यात शंका नाही. आठव्या दिवशी सुंता झालेला, शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जाऊन यशयाची गुंडाळी वाचणारा. ज्यूंची अडचण मशीहाच्या, म्हणजे देवाने पाठवायच्या मुक्तिदात्याच्या, कामाबद्दल आहे. त्यांच्या परंपरेत मशीहा हा माणूसच असतो. तो विखुरलेल्या ज्यूंना गोळा करतो, मंदिर उभारतो, त्याच्या काळात युद्धं थांबतात. हे झालेलं नाही, म्हणून मशीहा आलेला नाही. ख्रिस्ती उत्तर असं की उरलेलं तो दुसऱ्या येण्यात पुरं करील. ज्यू ग्रंथांत मशीहाच्या अशा दोन फेऱ्या नाहीत.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या (इंग्रजीत Deuteronomy) सहाव्या अध्यायातलं ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर एकच आहे’ हे वाक्य ज्यू सकाळ-संध्याकाळ म्हणतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्याला त्या वाक्यात बसत नाही. आदामाचं पाप जन्मतःच वारशाने येतं हेही ज्यू धर्म मानत नाही, त्यामुळे त्यातून सोडवणारा तारणारा लागतो हा मुद्दाच तिथे उभा राहत नाही. योम किप्पुरला, ज्याला बेने इस्रायल ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, सुमारे २५ तासांचा निर्जळी उपास करून देवाकडे थेट क्षमा मागतात. पण माणसाचा केलेला अपराध त्या माणसाकडे जाऊन मिटवावा लागतो, देव तो परस्पर माफ करत नाही.

या मतभेदाचं पुढे वैर कसं झालं तो इतिहास काळा आहे. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही, असं कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

पुण्यातलं लाल देऊळ चर्च आहे का?
*– वाचक, सातारा*

नाही, ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८६७ मध्ये पुरं झालेलं. घड्याळाच्या उंच मनोऱ्यामुळे गफलत होते. आत क्रूस, मूर्ती, चित्र काही नाही. हस्तलिखित तोरा (मोशेची पाच पुस्तकं) ठेवलेलं कपाट असतं, यरुशलेमच्या दिशेला, आपल्याकडून पश्चिमेला. जुनी चर्च बहुधा पूर्वेकडे तोंड करून बांधत.

मुलाच्या ज्यू सहकाऱ्याने शुक्रवारी रात्री जेवायला बोलावलंय. कुटुंब कर्मठ आहे. काय न्यावं, काय टाळावं?
*– वाचक, ठाणे*

सूर्यास्ताच्या आधी पोहोचा. शब्बाथाचे दिवे बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत विस्तव, वीज, फोन, लिहिणं, पैसे सगळं बंद असतं. न्यायचं तर न कापलेली फळं न्या. बेकरीचा केक, मिठाई किंवा घरचा पदार्थ नको, ते वापरू शकणार नाहीत आणि तुम्हाला नाही म्हणताना अवघडतील. वाइन न्यायची तर कोशेर शिक्क्याचीच, आणि टेबलावरची बाटली आपण होऊन ओतू नका. बऱ्याच बेने इस्रायल घरांत वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळलेलं सरबत असतं.

आशीर्वादानंतर सगळे हात धुऊन येतील आणि भाकरीचा तुकडा तोंडात जाईपर्यंत कुणी बोलणार नाही. त्या मिनिटभरात प्रश्न विचारू नका, उत्तर मिळणार नाही. फोटो नको. आणि सवयीने बाथरूमचा दिवा बंद करून बाहेर येऊ नका : घरातल्या कुणालाही तो शनिवारी रात्रीपर्यंत पुन्हा लावता येणार नाही, आणि लावून द्या असं तुम्हाला थेट सांगताही येणार नाही.