भुलीच्या डॉक्टरले कोन वयखते?

शर्टाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. खाली दवाखाना, वर घर. पांढरकवड्याकडचे कापूस पिकवणारे शेतकरी. एमबीबीएसनंतर कोणती शाखा घ्यावी याचा सल्ला मी देते, म्हणून लेकीला घेऊन आले होते. लेक एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाच त्यांनी रोडला लागून प्लॉट घेऊन ठेवला होता आणि नकाशाही काढून घेतला होता. लेक शेजारच्या खुर्चीत गप्प. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, नाव तर नाहीच घेत. घरी तिला धाकली म्हणतात, आपणही तेच म्हणू.

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागून आठवडा झाला होता. मेडिसीन किंवा गायनिक सरकारी कॉलेजात मिळणं अवघड, पण अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे भूलशास्त्र, राज्याच्या कोट्यातून मिळेल, अशी तिची रँक होती. तिला हवं होतंही तेच. वडिलांचं म्हणणं होतं, आणखी एक वर्ष अभ्यास कर.

"मॅडम, भुलीच्या डॉक्टरले कोन वयखते सांगा बरं? हिच्या मायचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनवाल्या डॉक्टरचं नाव आजबी तोंडपाठ हाय. कमरेत भुलीची सुई कोनं देल्ली ते ना तिले मालूम, ना मले. अन् त्या सुईनं तिची कंबर धरली ते धरलीच. इतकं शिकून पोरीनं दुसऱ्याच्या दवाखान्यात सुया टोचत फिराव काय?"

निकालाच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे येतोच, फक्त वेगवेगळ्या तोंडून. मुलं म्हणतात, स्वतःचे पेशंट नसतात. आया म्हणतात, रात्री-बेरात्री फोन येतात. सासरची मंडळी येणार असतील तर विचारतात, "म्हणजे डॉक्टरच ना?" यातलं काहीच खोटं नाही, म्हणून मी ते खोडून काढत बसत नाही. तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ लॅरिंगोस्कोप (घशात बघून श्वासाची नळी टाकायचं दिव्याचं उपकरण), नळ्या, औषधं अशी बॅग गाडीत टाकून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये जातो. सर्जन बोलावेल तेव्हा जायचं. पैसे बहुतेक वेळा सर्जनच्या बिलातून येतात आणि कधी कधी तिथेच अडकतात. काही बिघडलं की नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भूल जास्त झाली."

एक कबुली इथेच देते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मीच ही शाखा घ्यायला लावली होती. इमारत बांधायला नको, डोक्यावर कर्ज नको, शिक्षण संपलं की मिळकत सुरू, असा हिशेब त्याला मांडून दाखवला होता. हिशेब बरोबर होता, सल्ला साफ चुकला. त्या मुलाला माणसांशी गप्पा हव्या होत्या. तोच पेशंट महिन्याने परत यावा, त्याने घरची खुशाली सांगावी, यात त्याचा जीव. आठ महिन्यांनी त्याने सीट सोडली, दंड भरला. त्याच्या वडिलांनी फोनवर मला एक शब्दही वाकडा बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून पैशाचा हिशेब मी सगळ्यात शेवटी काढते.

धाकलीच्या वडिलांना चहा प्यायला खाली पाठवलं आणि तिला विचारलं, "कधी ठरवलंस हे?"

तिने बॉण्डच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षातली एक रात्र सांगितली. ग्रामीण रुग्णालय. ऑपरेशन थिएटर होतं, टेबल होतं, दिवा होता, सीझर करू शकणारे डॉक्टरही क्वार्टरमध्ये होते. बाळंतीण अडलेली, आणि बाहेरून बोलवायचे ते एकमेव भूलतज्ज्ञ दुसऱ्या केसमध्ये अडकलेले. शेवटी १०८ बोलावून तिला यवतमाळला पाठवलं. बाई आणि बाळ दोघंही वाचली. "पण मॅडम, सगळं असून आम्ही तिला गाडीत चढवत होतो," ती म्हणाली.

दुसरी आठवण त्याआधीची, इंटर्नशिपमधली. पावसाळ्यात मण्यार चावलेला बारा वर्षांचा पोरगा आणला होता. आधी पापण्या मिटायला लागल्या, मग गिळता येईना, मग श्वास उथळ. मण्यारीचं विष नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. सर्पदंशाची लस दिली तरी बंद पडलेले स्नायू लगेच हलत नाहीत, तोवर श्वास बाहेरून चालवावा लागतो. भूलशास्त्राच्या रेसिडेंटने नळी टाकली, आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबायचं काम हिच्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी त्याने एक पापणी उचलली. हे सांगताना तिचा उजवा हात मांडीवर आपोआप मिटत-उघडत होता.

२०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमचा यवतमाळ जिल्हा देशभर बातम्यांत होता. तेव्हापासून आयसीयू आणि व्हेंटिलेटर हे शब्द इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. त्या नळीमागे बऱ्याचदा भूलतज्ज्ञच असतो, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. धावपळीची एक रात्र सगळ्यांनाच आवडते. करिअर रोजच्या दिवसांचं असतं. म्हणून ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ बाईंकडे तिला दोन दिवस बसवलं. अट एकच घातली, इमर्जन्सी बघायची नाही, रोजचं काम बघायचं आणि लिहून आणायचं.

तिने आणलेल्या वहीतलं पहिलंच पान मला फार आवडलं. हर्नियाचे एक आजोबा. रात्रीपासून उपाशी का, म्हणून सिस्टरने विचारलं, आजोबा म्हणाले हो. मुलगाही म्हणाला हो. मग बाईंनी सहज गप्पा मारतोय अशा सुरात विचारलं, "आबाजी, सकाळी चहात काय बुडवलं?"

"दोनच टोस," आजोबा म्हणाले.

ऑपरेशन दुपारवर गेलं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा आणि टोस म्हणजे सहा तास थांबायचं. नाहीतर भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. सर्जनला पुढे दुसऱ्या गावी जायचं होतं, ते वैतागले. मुलगा ओरडला, की रोजी पाडून आलोय. धाकलीने लिहिलं होतं: "मॅडमनी आवाज चढवला नाही आणि निर्णयही बदलला नाही."

दुसऱ्या पानावर मॉनिटरची नोंद. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या टिकटिकीचा सूर खाली येतो. बाई पाठमोऱ्या उभं राहून सिस्टरशी बोलत होत्या, सूर जरासा उतरला, आणि वाक्य अर्धं सोडून त्या वळल्या. बोटाची क्लिप सरकली होती, एवढंच. खाली एक ओळ: "नंतर दीड तास काहीच झालं नाही. मला कंटाळा आला नाही."

माझ्या मते निर्णय त्या ओळीत झाला होता. भीती तिलाही होतीच. माझ्या हातून कुणी गेलं तर, हे तिने दोनदा विचारलं. मी तिला उलट विचारलं, त्या बाई सकाळी सगळ्यात आधी काय करतात? मशीन तपासतात, सक्शन चालू करून बघतात, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघतात आणि दुसरा लॅरिंगोस्कोप हाताशी ठेवतात. इतक्या वर्षांनंतरही रोज. "म्हणजे त्यांनाही भीती वाटते," ती म्हणाली आणि पहिल्यांदा मोकळी हसली.

पुढच्या बैठकीला वडील परत आले. कमरेचा विषय आधी निघाला. धाकलीने टेबलावरची टाचणी उचलली. "बाबा, ते सुई याहून बारीक राह्यते. त्यानं चार दिवस डोकं दुखू शकते, सुईच्या जागी ठणकते. पन मायची कंबर? वीस वर्षं वाकून कापूस वेचते ते कोनाच्या खात्यात?" बाप गप्प. मीही गप्प राहिले.

मग मी त्यांना हैदराबादची गोष्ट सांगितली, कारण त्यांच्या पांढरकवड्यावरूनच तो रोड आदिलाबादमार्गे तिकडे जातो. १६ ऑक्टोबर १८४६ला बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची भूल देऊन दाखवली. त्यानंतर पन्नास वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, १८८८ आणि १८८९ साली, क्लोरोफॉर्मची भूल किती सुरक्षित आहे हे तपासायला हैदराबादेत दोन आयोग बसले. त्याच काळात तिथे शिकून भूल देणारी रूपाबाई फरदूनजी जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानली जाते.

"पारशी बाई? इथं हैदराबादले?" त्यांनी दोनदा विचारलं. नाव विचारणारा माणूस नाव ऐकून खूश होतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग हिशेब. तीन वर्षं एमडी. पुढे मेडिकल कॉलेज, जिल्हा रुग्णालय किंवा स्वतंत्र प्रॅक्टिस. हवं तर क्रिटिकल केअर किंवा हृदयाच्या ऑपरेशनची भूल यात डीएम, म्हणजे एमडीच्याही पुढची पदवी. जुनाट दुखण्यांवर उपचार करणारं पेन क्लिनिक काढलं तर स्वतःची पाटीही लागते, पण पांढरकवड्यात ते लगेच चालेल असं समजून प्लॉटवर वीट रचू नका, हेही सांगितलं. धाकलीने पसंतीक्रमात नागपूरचं मेडिकल आधी टाकलं, मग तिथलंच दुसरं सरकारी कॉलेज मेयो, मग यवतमाळ. वडिलांना यवतमाळ पहिलं हवं होतं. त्यावरून माझ्यासमोरच दहा मिनिटं जुंपली. शाखेबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.

निघताना त्यांनी नकाशा पुन्हा उघडला, दर्शनी भिंतीवर बोट ठेवून थोडा वेळ बघत राहिले.

"पाटीचं पाहू मंग," ते म्हणाले. "पन मॅडम, इथं गाडीले शेड टाका लागन. रातच्यानं निंगा लागन तिले."