कंप, कंपवात आणि ‘उत्तेजन’

प्रश्न असा आला आहे: मेंदूविकाराच्या रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रिका तयार होते आहे. तिच्यात ‘ट्रेमर’ला सरसकट ‘कंपवात’ लिहिले तर चालेल का? आणि ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून विजेची स्पंदने देण्याचा उपचार, यासाठी ‘खोल मेंदू उत्तेजन’ हा शब्द बरोबर आहे का?

दोन्ही ठिकाणी माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्या चुकीने भलत्याच माणसाला भलत्या रोगाचे नाव चिकटते, म्हणून आधी ती घेतो.

ताप आणि हिवताप यांत जो फरक, तोच कंप आणि कंपवात यांत. कंप हे लक्षण, कंपवात हा रोग. कंप शंभर कारणांनी सुटतो. थायरॉइड वाढले, दम्याचे औषध घेतले, भीती वाटली तरी हात कापतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘वेपथुश्च शरीरे मे’ म्हणतो तो असा प्रसंगाचा कंप. माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात मात्र तोच ‘वेपथु’ वातव्याधीचे नाव म्हणून येतो. म्हणजे लक्षणाचा शब्द रोगाला द्यायची सवय जुनीच आहे, आणि ती फक्त आपली नाही. 1817 मध्ये लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनीही नाव दिले ते ‘थरथरता लकवा’ अशा अर्थाचे. पुढे पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी त्यावर हरकत घेतली: या रुग्णांना खरा लकवा नसतो, आणि सगळ्यांचे हात थरथरतही नाहीत. म्हणून रोगाला पार्किन्सन यांचे नाव द्यावे, असे त्यांनी सुचवले.

शार्कोंचा दुसरा मुद्दा ‘कंपवात’ या शब्दालाही लागू पडतो. या रोगाचे निदान मुख्यतः हालचालींच्या मंदपणावर होते. त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा स्वस्थ असतानाचा कंप, यांतले एक तरी लागते. म्हणजे कंप नसलेला कंपवात असतो, आणि तो दुर्मीळही नाही. ‘हात कापत नाही, मग कंपवात कसा?’ असे घरचे विचारतात ते या शब्दामुळेच.

कंपाचा प्रकार ओळखायला डॉक्टर काय करतात ते पाहिले की शब्दही नेमके सुचतात. रुग्णाला हात मांडीवर सैल ठेवायला सांगतात आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. लक्ष आकड्यांत गुंतले की कंपवाताचा कंप उघडा पडतो: सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि सुरुवातीला बहुधा एकाच हाताला. अंगठा तर्जनीवर असा फिरतो की जणू कापसाची वात वळणे चालू आहे. इंग्रजीत याला औषधाची गोळी वळण्याची उपमा आहे. मराठी पत्रिकेत वात वळण्याचीच द्यावी, कारण ती आपल्या डोळ्यांसमोरची आहे. मग हात पुढे धरायला सांगतात. कंप क्षणभर थांबतो आणि काही सेकंदांनी परत येतो. शेवटी अंगठा आणि तर्जनी दहा वेळा झपाझप टेकवायला लावतात. कंपवातात दोन बोटांमधले अंतर दर खेपेला कमी होत जाते. अक्षराचेही तेच: ओळीच्या शेवटाकडे ते बारीक होते.

दुसरा प्रकार याच्या उलट. मांडीवरचा हात शांत, पण बशी उचलली की चहा हिंदकळतो, आमटीचा चमचा तोंडापर्यंत भरलेला पोचत नाही, सही नागमोडी होते. बहुतेकदा दोन्ही हात कापतात आणि घरात आणखी कुणाला तरी तेच असते. मान डुगडुगत असेल तर संशय आधी या प्रकाराचा घ्यावा, किंवा मानेच्या डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप पिळले जाण्याच्या विकाराचा. कंपवातात मानेपेक्षा हनुवटी, ओठ किंवा पाय हलतो. या प्रकाराचे इंग्रजी नाव ‘इसेन्शियल ट्रेमर’. त्याचे ‘आवश्यक कंप’ असे भाषांतर केले जाते, ते साफ चूक आहे. इथे ‘इसेन्शियल’चा अर्थ गरजेचा असा नाही, दुसरे मूळ कारण सापडत नाही, एवढाच आहे. मी ‘निव्वळ कंप’ सुचवीन.

हा फरक स्कॅनमध्येही उमटतो. साध्या एमआरआयमध्ये कंपवाताच्या रुग्णाचा मेंदू बहुधा ठीकठाक दिसतो, म्हणून ‘एमआरआय नॉर्मल’ याचा अर्थ ‘कंपवात नाही’ असा होत नाही. डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाच्या चेतातंतूंची टोके दाखवणारे स्कॅन वेगळे. आपल्याकडे ते बरेचदा ‘ट्रोडॅट’ या नावाने लिहून दिलेले असते. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक स्वल्पविराम उजळलेला दिसतो. कंपवातात स्वल्पविरामाची शेपटी विझते आणि पूर्णविरामाचा ठिपका उरतो. निव्वळ कंपात स्वल्पविराम शाबूत असतात. चक्करेवरच्या सिनारिझिनसारख्या किंवा उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाने आलेला मंदपणा आणि कंप असेल, तरीही ते बहुधा शाबूतच दिसतात. मात्र कंपवात आणि त्याच्यासारखे दिसणारे इतर ऱ्हासाचे रोग हे स्कॅन वेगळे करू शकत नाही.

बाकीच्या हालचालींसाठी मराठी शब्द तयार आहेत, ते वापरावेत. कंपाला लय असते. मायोक्लोनसला, म्हणजे स्नायूच्या अचानक झटक्याला, ती नसते; तो ‘हिसका’. ‘आचका’ नको, त्याने शेवटची घटका आठवते. डिस्टोनियाला ‘पीळ’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. ‘टिक’ म्हणजे पुन्हापुन्हा होणारी तीच ती छोटी हालचाल; तिला ‘चाळा’ म्हणू नये, चाळा मुद्दाम केल्यासारखा वाटतो आणि मुलाला बोलणी बसतात.

आता ‘उत्तेजन’. मराठीत उत्तेजनार्थ बक्षीस असते, उत्तेजक द्रव्य असते. शब्दात चढवण्याचा, भरीस घालण्याचा अर्थ मुरलेला आहे. या उपचारात घडते ते निराळे. 1987 मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबल शहरात मेंदूचे शल्यचिकित्सक आलीम-लुई बेनाबिद थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागाच्या शस्त्रक्रियेत विजेने जागा तपासत होते. सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंदने दिली की कंप थांबतो, हे त्यांच्या लक्षात आले. आजही नेहमीची मांडणी सेकंदाला सुमारे 130 स्पंदने, प्रत्येक 60 मायक्रोसेकंदांचे, अशी असते. या वेगाला मेंदूतली बिघडलेली लय मोडते. वेग फार कमी ठेवला तर लक्षणे उलट वाढू शकतात. म्हणून ‘उद्दीपन’ बरे. ते मानसशास्त्राच्या पुस्तकांतून रुळलेले आहे आणि त्यात भरीस घालणे नाही. ‘डीप’ हे विशेषण जागेचे आहे, म्हणून ‘मेंदूच्या खोल भागाचे विद्युत-उद्दीपन’ असे एकदा पूर्ण लिहावे आणि पुढे ‘डीबीएस’. ‘मेंदूला शॉक’ कधीच नको; तो मनोविकारावरचा अगदी वेगळा उपचार.

‘मेंदूचा पेसमेकर’ मात्र जपून वापरावा. छातीत कातडीखाली बॅटरी, तिथून मानेतून वर गेलेली तार, हे साम्य खरे. पण हृदयाचा पेसमेकर ठोका घालून देतो, हा घालून देत नाही. अचूकताही निराळी. मेंदूच्या खोल भागातल्या, मसुराच्या आकाराच्या सबथॅलॅमिक केंद्रकात सव्वा मिलिमीटर जाडीची तार बसवायची असते. ती बाहेरच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटर सरकली की प्रवाह शेजारच्या तंतूंत शिरतो, जीभ जड होते, चेहरा ओढला जातो. आणि ‘डीबीएसने सगळे बरे होते’ असे वाक्य पत्रिकेत नको. लेवोडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाच्या गोळीने जे सुधारते तेच साधारणपणे याने सुधारते. गोळीला दाद न देणारा कंप हा मोठा अपवाद. गोळीने न सुधारणारा तोल आणि बोलणे याने सुधारण्याची आशा धरू नये.

शेवटी ‘वात’. कंपवात हा शब्द रुळला आहे, तो काढू नये, पण पहिल्याच पानावर ‘हा सांध्यांचा वात नव्हे’ असे लिहावे. नाहीतर घरात वातूळ म्हणून डाळी बंद होतात. खरी अडचण डाळीची नसून वेळेची आहे: प्रथिने आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने शोषले जातात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यायची. ‘वात’ म्हटले की दुसरी गोष्ट आठवते ती शेक. डीबीएस बसवलेल्या माणसाला डायथर्मी, म्हणजे यंत्राने शरीराच्या आत दिलेला शेक, चालत नाही. तिची ऊर्जा तारेतून टोकापर्यंत जाऊन मेंदू भाजू शकतो, आणि हे जिवावर बेतते. पत्रिकेत ‘डायथर्मी’ एवढाच शब्द पुरणार नाही, कारण रुग्ण त्याला ‘मशीनचा शेक’ म्हणतो. तेव्हा वाक्य असे असावे: ‘गुडघा असो, कंबर असो की खांदा, फिजिओथेरपीत मशीनचा शेक घेण्याआधी डोक्यात तार असल्याचे सांगा आणि डायथर्मीला नकार द्या.’