वाचकांचे प्रश्न: दिलेला शब्द आणि घरातली मुलं

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. कुठल्याही कामाला चटकन ‘हो’ म्हणतो, करत मात्र नाही. संडे स्कूलसाठी बायबलचं वचन पाठ करणं असो की कुंड्यांना पाणी घालणं, तीच गत. रागावलं तर म्हणतो, ‘पप्पा तरी कुठे करतात?’ ह्यांची एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे रविवारचे बेत बरेचदा मोडतात.
– एक आई, अहिल्यानगर

उत्तर: मुलाचं बोलणं उद्धट वाटलं तरी खोटं नाही, म्हणून सुरुवात पप्पांपासून. शिफ्टचा तक्ता हातात येईपर्यंत रविवारचा शब्द देऊच नये. त्याऐवजी आठवड्यात एकच गोष्ट ठरवावी, पण दिवस-वेळेसकट: बुधवारी जेवणानंतर वीस मिनिटं कॅरम, असं काहीतरी. ओव्हरटाइम लागलाच तर मुलाने विचारायच्या आत पप्पांनी स्वतः फोन करावा. आईमार्फत निरोप नको. ‘आज जमत नाही, माफ कर’ म्हणून त्याच फोनवर दुसरा दिवस सांगावा. भरपाई म्हणून चॉकलेट आणू नये. मोडलेल्या शब्दाची किंमत चॉकलेटने चुकते होते, हे मूल फार लवकर शिकतं. आणि ‘देवाशपथ, पुढच्या रविवारी नक्की’ हे तर नकोच. होय तर होय, नाही तर नाही, एवढंच बोला असं प्रभू येशूने सांगितलं (मत्तय 5:37), ते शपथांबद्दल बोलतानाच.

आता मुलाकडे. मत्तय 21:28-31 मधला एक मुलगा द्राक्षमळ्यात जायला नाही म्हणतो आणि मग जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. तुमचा मुलगा दुसऱ्यासारखा वागतो, कारण ‘हो’ म्हटलं की बोलणी थांबतात. काम सक्तीचं असेल तर ‘घालशील का पाणी?’ असं विचारू नका, सरळ सांगा. ऐच्छिक असेल तरच विचारा, आणि त्याचा नकार राग न धरता ऐका.

सध्या काम एकच द्या, तेही मोजून: चार कुंड्या, प्रत्येकीला अर्धा तांब्या, खेळून आल्यावर हातपाय धुण्याआधी, तांब्या परत नळाजवळ. पहिला आठवडा त्याच्याबरोबर करा, दुसरा नुसतं उभं राहून बघा, तिसऱ्यापासून त्याचं त्याला करू द्या. इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. आई रोज आठवण करते, मग लक्षात ठेवायचं काम आईचंच राहतं आणि मुलाकडे फक्त तांब्या उचलणं उरतं. तो विसरला तर रात्री एकदाच विचारा, ‘कुंड्या झाल्या?’ नसतील तर झोपायच्या कपड्यांत का होईना, त्यानेच पाणी घालावं. वेगळी शिक्षा नको. तीन आठवडे हे नीट चाललं की मगच वचन पाठ करणं त्यात जोडा.

चुकताना पकडून लूक 16:10 (जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू) मात्र ऐकवू नका. मुलांना इफिसकरांस 6:1 (आईबापांच्या आज्ञेत राहा) ऐकवणाऱ्यांनी त्याच अध्यायातलं चौथं वचनही वाचावं. ते बापांसाठी आहे: मुलांना चिडवू नका.

प्रश्न: मुलीने (वय 14) नाताळच्या कॉयरला (चर्चच्या गायनवृंदाला) नाव दिलं. आता नोव्हेंबरमध्ये म्हणते, सोडते. तिला अडवावं का?
– एक वाचक, वसई

उत्तर: नाव तिने दिलं की तुम्ही? तुम्ही दिलं असेल तर मागेही तुम्हीच घ्या. तिने दिलं असेल तर स्तोत्र 15:4 लागू पडतं: नुकसान झालं तरी शब्द न बदलणारा. अभ्यासाची अडचण असेल तर तिने स्वतः कॉयर चालवणाऱ्यांना भेटावं, व्हॉट्सअॅपवर कळवून मोकळं होऊ नये. परीक्षेच्या कोणत्या तारखांना तालीम चुकेल आणि ते भाग ती कधी बसवेल, हे कागदावर लिहून न्यावं. तरीही जमणार नसेल तर लगेच सांगावं. डिसेंबरात सोडलं तर तिचा सूर दुसऱ्या कुणाला बसवायला वेळ उरत नाही.

आधी एवढं मात्र शांतपणे विचारा की तिथे कुणी त्रास देतं का. तसं असेल तर त्याच दिवशी तिचं कॉयरला जाणं बंद करा आणि फादरांशी तुम्ही बोला. कुणा मोठ्याने ‘घरी सांगू नकोस’ म्हणून घेतलेला शब्द पाळायचा नसतो, हेही मुलांना स्पष्ट सांगून ठेवा.